सात शिट्ट्या

गंगाखेडला आमच्याकडे तूर तीन शिट्ट्यांत शिजायची.
इथं देवळाईच्या चढावर सात.
सातवी होईस्तोवर समोरच्या टेकाळे काकूंनाही कळतं
आज आमच्यात वरण आहे.

नवी होते तेव्हा वाटलं, कुकरच खराब.
रिंग बदलली. मग कुकर बदलला.
सुग्राबी गच्चीवरून म्हणाली,
कुकर कायकू बदलते भाभी, पानी बदलो.
जसा काही खिडकीचा पडदा.

बोअरला चारशे वीस फुटांवर पाणी लागलं
त्या दिवशी म्हणे गल्लीभर पेढे वाटले,
यांचे काका राखाडी चिखल अंगावर घेऊन नाचले.
चाखून कुणी पाहिलं नाही.
इतकी वर्षं काळ्या दगडाच्या घरात राहिलेलं पाणी,
दगडाचं वळण लागणारच.
मला नाही का लागलं
अकरा वर्षांत यांच्या घराचं.

साबणाला फेस नाही, नुसता साका.
नळाच्या तोंडाला पांढरी मिशी.
कंगव्यात येतात ते केस मी मोजत नाही.
कॉर्पोरेशनचं पाणी नवव्या दिवशी, रात्री अडीचला:
आधी नुसती हवा, नळ खाकरतो,
आपण बादली धरून उभे,
जसं काही तो आता महत्त्वाचं बोलणार.

गेल्या थंडीत मुख्तारनं गिझर उघडला.
आतून कॉइल निघालीच नाही,
पांढरं, खडबडीत, फांद्या फुटलेलं काहीतरी निघालं.
त्यानं पान्ह्यानं ठोकलं. तळव्याएवढी खपली पडली,
आतल्या बाजूला वेटोळ्याचा ठसा.
ताई, हे तुमचे चार हिवाळे, म्हणाला.
ऋजुतानं ती कंपासपेटीत ठेवली,
वर्गात शिंपला म्हणून दाखवली.
समुद्र न पाहिलेल्या चाळीस पोरांनी
तो शिंपला मान्य केला.

मग फिल्टरवाला पोरगा आला. गळ्यात टाय, कॉलर भिजलेली.
आमच्या पाण्याच्या ग्लासात दोन दांड्या सोडल्या, बटण दाबलं.
बुडबुडे आले. मग पिवळं. मग काकवी.
मॅडम, हे पिताय तुम्ही.
मग त्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं. ते ढिम्म. स्वच्छ.

मी म्हटलं, थांबा.
देवघरातून तांब्याचा गडू आणला.
झाकण डाख लावून बंद, आत गंगा,
आमच्या घाटावरची; गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.
सुरीनं उचकटलं. आता ह्यात घाला.
तो कचरला. देवाचं आहे मॅडम.
घाला.

जरा उशीर लागला.
पण झाला, तोच रंग.

सासूबाई दारात उभ्या होत्या.
अकरा वर्षं त्यांनी ऐकलेलं, आमच्या गंगाखेडला असं,
आमच्या गंगाखेडला तसं,
सुनेचे केस तिकडे कसे, डाळ तिकडे कशी.
एक शब्द बोलल्या नाहीत.
त्या पोराला तेवढं विचारलं, चहा घेशील का रे.

चहा बोअरच्याच पाण्याचा.
वर ती चकाकती, तेलकट साय आली.
त्यानं न बघता फुंकर घालून ती कडेला लावली,
सवयीची फुंकर.
घरी तुमच्या कोणता फिल्टर? मी विचारलं.
तो हसला, आणि दुसरा घोट घेतला.

दिवाळीत माहेरी गेले.
ऋजुतानं माठातलं पाणी प्यायलं, तोंड वाकडं केलं.
मामा, ह्याला चवच नाही.
भाऊ माझ्याकडे बघायला लागला.
मी फराळाचं ताट आवरत राहिले.

गडू परत भरून आणला, पण डाख नाही लावला.
कधी सासूबाईंना खोकला आला की त्यातलं घोटभर देते,
त्या म्हणतात, गार आहे. बाकी काही म्हणत नाहीत.

आज तूर दुपारीच भिजत घातली होती,
चिमूटभर सोडा, थेंबभर तेल.
पाचवी झाली.
सुग्राबी गच्चीवर कपडे काढतेय, इकडे कान देऊन.
गॅस बारीक केला नाही.